जी. एन. रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही, तरी त्यांच्या संशोधनाचा प्रभाव मोठा मानतात तो कशाच्या आधारावर?

प्रथिनांची रचना उलगडणारे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ रामचंद्रन यांचा प्रभाव खरोखरच एवढा मोठा असता तर नोबेल मिळाले नसते का, असेही आपण प्रश्नाच्या खुलाशात विचारले आहे. नोबेल समितीच्या मनात काय होते याची चर्चा मी करणार नाही. मी जखमेवर लावायचे कोलॅजेनचे (कातडी, हाडे, कंडरा यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) स्पंज तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे माझ्या टेबलावर रोज जे दिसते त्यावरूनच उत्तर देतो.

उंदराच्या शेपटीतून काढलेले कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) तंतू, म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच, शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्यांसारखे दिसतात. सौम्य ॲसेटिक आम्लात थंड जागी ठेवल्यावर ते हळूहळू विरघळतात आणि काकवीसारखा दाट, पण पारदर्शक द्रव मिळतो. त्याची आम्लता घालवून तो 37 अंशांवर ठेवला की थोड्याच वेळात थिजतो, आणि त्या थिजलेल्या जाळीत पेशी सुखाने वाढतात. मात्र हाच द्रव आधी चुकून 50-60 अंशांपर्यंत तापला, तर तो शरीराच्या तापमानाला थिजत नाही, कारण तोवर त्याचे जिलेटिन झालेले असते. पायाचे सूप फ्रीजमध्ये थिजते आणि तोंडात घेताच पातळ होते, तेही याच जिलेटिनमुळे. रासायनिक घटक दोन्हीकडे तेच असतात. उष्णतेने मोडते ती फक्त रेणूची वेणी.

ही वेणी तिपेडी आहे, हे रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी मद्रास विद्यापीठात मांडले. रामचंद्रन 1952 मध्ये तेथे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून आले, तेव्हा ते तिशीचे होते. भेटीला आलेले ब्रिटनमधील स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याशी बोलताना कोलॅजेनची रचना अजून उलगडलेली नसल्याचे त्यांना कळले. जवळच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती आणि कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच, त्यामुळे नमुन्यांसाठी फार दूर जावे लागले नाही. (त्यांनी वापरलेले उत्तम नमुने मात्र कांगारूच्या शेपटीच्या कंडरेचे होते.) प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची बनते; कोलॅजेनमधील सुमारे एक तृतीयांश अमिनो आम्ले ग्लायसीन असतात, हे माहीत होते. तीन पेड एकत्र वळले तर मधल्या अरुंद जागेत सर्वांत लहान असलेले ग्लायसीनच मावेल, आणि म्हणून प्रत्येक तिसऱ्या जागी तेच हवे, हा त्यांचा युक्तिवाद होता. 1954 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे प्रारूप प्रसिद्ध झाले आणि 1955 मध्ये त्यात पेडांना एकमेकांभोवती पीळ देण्यात आला. हाडे ठिसूळ करणाऱ्या एका आनुवंशिक विकारात बहुतेकदा अशाच एका ग्लायसीनच्या जागी दुसरे, मोठे अमिनो आम्ल आलेले असते.

प्रारूप सर्वस्वी बरोबर होते असे मात्र नाही. फ्रान्सिस क्रिक (डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक) आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की त्यातील काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, आणि दर तीन अमिनो आम्लांमागे पेडांना जोडणारा हायड्रोजन बंध (हायड्रोजनमार्फत होणारी कमजोर जोडणी) एकच असावा, दोन नव्हेत. बंधांच्या संख्येबाबत ते बरोबर होते; 1994 मध्ये कोलॅजेनसदृश रेणूच्या स्फटिकरचनेत तसा एकच थेट बंध दिसला. माझ्या मते रामचंद्रन यांचे मोठेपण या आक्षेपानंतर अधिक दिसते. अणू किती जवळ आले म्हणजे ‘फार जवळ’, हेच कोणी नीट ठरवलेले नव्हते. प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनांमधून त्यांनी ती अंतरे गोळा केली. प्रथिनाची साखळी प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोन बंधांभोवती वळू शकते. त्या दोन कोनांच्या कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात आणि कोणत्या जोड्या चालतात, याचा नकाशा त्यांनी व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्यासह 1963 मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक नकाशा निषिद्ध निघाला. चालणाऱ्या जोड्यांची जेमतेम दोन-तीन बेटे उरली. या नकाशाला आता रामचंद्रन यांचेच नाव आहे. ग्लायसीनला तेवढी जास्त मोकळीक, कारण तेथेही त्याचे लहानपण कामी येते.

आज प्रथिनाची कोणतीही नवी रचना जागतिक संग्रहात दाखल होताना तिच्या तपासणी अहवालात या नकाशाचा हिशेब असतो, मग ती क्ष-किरणांनी शोधलेली असो वा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. पुरस्कारापेक्षा हे मोजमाप मला अधिक भरवशाचे वाटते, कारण येथे लोक रामचंद्रन यांचा गौरव करत नसतात, स्वतःची चूक शोधत असतात.

कोलॅजेन पचवणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) प्रारूप आमच्याकडील एका विद्यार्थिनीने मध्यंतरी तयार केले होते. नकाशावर एक ठिपका बेटांपासून दूर, निषिद्ध भागात पडला होता. ते अमिनो आम्ल ग्लायसीनही नव्हते. तिने त्या जागेची प्रयोगातून मिळालेली माहिती पुन्हा उघडून पाहिली, तर साखळीचा तेवढाच तुकडा उलटा बसवला गेला होता. ‘‘सर, रामचंद्रनमध्ये बसत नव्हतं,’’ एवढेच ती म्हणाली. हे एका माणसाचे नाव आहे, याकडे त्या क्षणी आम्हा दोघांचेही लक्ष नव्हते.