कारमध्ये नवे स्पीकर बसवले, तरी बास पोकळ का वाटतो?

दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, दरवाजाचा असतो. स्पीकरचा पडदा पुढे जसा आवाज फेकतो तसाच मागेही, पण उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ओढली जाते. दरवाजाच्या आतल्या पत्र्याला भोकं उघडी राहिली की मागचा आवाज पुढे येतो आणि दोघं एकमेकांना मारतात. त्यात आधी बास जातो. म्हणून ती भोकं बंद करा, पत्र्याला थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावा आणि स्पीकरच्या कडेने फोमची रिंग बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण फरक लगेच कानाला कळतो. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तरी बास असाच गायब होतो, तेही तपासा.

स्टिरिओवर लिहिलेल्या ‘५० वॉट × ४’ला भुलू नका, तो पीक, म्हणजे क्षणभरच्या कमाल ताकदीचा आकडा असतो. खरी आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद साधारण १५ ते २० वॉटच. आवाज फाटेपर्यंत वाढवला तर ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळू शकतो. सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर दरवाजाच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावा; तो त्याखालचे सूर अडवतो, त्यांचा भार हलका होतो. इक्वलायझरमध्ये (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सेटिंग) बाकीचे सूर वाढवण्यापेक्षा कानाला खुपणारी फ्रिक्वेन्सी कमी करा. आणि गाण्याची फाइलच १२८ केबीपीएसची, म्हणजे कमी दर्जाची असेल, तर बाकी सगळा खर्च कशाला?