मार खाणारा मासा हलवू नका, मारणारे हलवा

"ऑस्कर चार दिवस फिल्टरच्या पाइपमागे तोंड खाली घालून उभा आहे, खात नाही, त्याला छोट्या टँकमध्ये हलवू का" ही तुमची ओळ वाचली आणि राहवलं नाही. नका हलवू. म्हणजे डोळ्याला लागलं असेल, शेपूट बुडापर्यंत फाटली असेल तर हलवा, ते वेगळं. पण नुसता दबून उभा असेल तर त्याला तिथेच राहू दे आणि आज त्याला मारणारे ते दोन कॉन्व्हिक्ट बाहेर काढा. सहा फुटी टँक, ऑस्कर, जॅक डेम्प्सी, सेव्हरम आणि दोन कॉन्व्हिक्ट (सगळेच सिक्लिड, म्हणजे हद्दीसाठी भांडणारे मासे), असा तुमचा सेटअप आहे. माझा जवळजवळ हाच होता, फक्त जॅक डेम्प्सीच्या जागी ग्रीन टेरर आणि शिवाय एक फायरमाउथ, हेही सिक्लिडच.

फिल्टर, पाणी बदलणं, सायकलिंग (नव्या फिल्टरमध्ये माशांच्या घाणीचा अमोनिया मोडणारे जिवाणू तयार होऊ देणं) हे तुम्हाला माहीत असणार, ते लिहीत बसत नाही.

मी मासे निवडले ते मोठे झाल्यावर किती इंच होतील ते बघून. ऑस्कर ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो म्हणून सगळी भीती ऑस्करची. कॉन्व्हिक्ट १०-१२ सेंटीमीटरचा, तो काय करणार, म्हणून शेवटी जागा उरली तिथे दोन आणले. विकणाऱ्याने सांगितलं दोन्ही नर आहेत, काही करत नाहीत. त्यातल्या एकाच्या पोटावर छान नारिंगी चमक होती आणि मला वाटलं जो जास्त रंगीत तो नर, बऱ्याच सिक्लिडमध्ये तसंच असतं. कॉन्व्हिक्टमध्ये उलटं आहे, नारिंगी पोट मादीचं. ही एवढीशी गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि मीही शोधली नाही.

दोन महिन्यांत त्यांनी आडवी ठेवलेली कुंडी धरली. अंडी घातली, तीन दिवसांत फुटली, पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्लं पोहायला लागली, नर-मादी दोघं राखणीला, आणि मी खरंच भारावून बघत बसायचे, इतकं सुंदर दिसतं ते. तेवढ्यात फायरमाउथचे पंख फाटले. फायरमाउथ कल्ले फुगवून लाल गळा दाखवतो पण ते बरंचसं नुसतं भेवडावणं असतं, समोरचा हटला नाही तर त्याच्याकडे पुढे काही नसतं. मी त्याला काढून दोन फुटी स्पेअर टँकमध्ये ठेवलं. तीन-चार दिवस शांत गेले. मग सेव्हरम, त्यालाही काढला, परत शांतता. मग ग्रीन टेरर.

ही जी मधली शांतता आहे ना, तिने माझा घात केला. मला दर वेळी वाटायचं चला, भानगड मिटली, हाच मासा जमत नव्हता. प्रत्यक्षात त्या जोडीला प्रत्येक वेळी आणखी दीड फूट तळ मिळत होता आणि ते पुढच्या माशाकडे वळत होते. नदीत किंवा तळ्यात हरलेला मासा पळून हद्दीबाहेर जातो आणि भांडण तिथेच संपतं, टँकमध्ये हद्दीबाहेर जागाच नाही, त्यामुळे हरलेला रोज रोज हरत राहतो. शेवटी ६८० लिटरमध्ये एक जोडी, त्यांची पिल्लं आणि कोपऱ्यात ऑस्कर, एवढेच उरले.

आणि जे "वाचवले" त्यांचं काय झालं ते ऐका, कारण तुम्ही नेमकं तेच करायला निघालाय. दोन फुटी टँक, घाईत लावलेला कोरा फिल्टर, त्यात तीन जखमी मासे. अमोनिया वाढला, मी रोज पाणी बदलत होते पण पुरं पडलं नाही. ग्रीन टेरर गेला, आठवड्याने सेव्हरम. कॉन्व्हिक्टनी त्यांना मारलं नव्हतं, मी हलवल्यामुळे गेले. ऑस्करचा एक डोळा एका सकाळी पांढरा दिसला, तो वाचला पण डोळा गेला. त्या दिवशी कॉन्व्हिक्ट काढले, आठवड्याच्या आत ऑस्कर पुढे काचेशी येऊन खायला लागला. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर गेलेले मासे राहिले असते, अजूनही ही गोष्ट मनातून जात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रिकाम्या जागी रेड डेव्हिल आणू का. माझं मत, नको. रेड डेव्हिल, मायडस, मॅनाग्वेन्से या मोठ्या तापट सिक्लिडना सहा फुटात मोठं होईपर्यंत इतरांबरोबर नीट राहताना मी पाहिलेलं नाही, शेवटी एकटाच उरतो. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा. कुणाकडे जमलं असेलही, मासा माशासारखा नसतो, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, पण दुसऱ्याकडे जमलं म्हणून आपल्याकडे जमेल असं धरू नये. आणि "मिक्स सिक्लिड" म्हणून तीन सेंटीमीटरची पिल्लं जे विकतात त्यांच्याकडून कधीच घेऊ नका. त्या वयात मॅनाग्वेन्से काय आणि दुसरं काय, नवख्याला ओळखता येत नाही, आणि मोठा झाल्यावर परत घ्यायला कुणी तयार नसतं. मी कॉन्व्हिक्ट परत घ्या म्हणून गेले तेव्हा मला सांगितलं, ताई, तुम्हीच नीट बघून घ्यायचे होते. विकताना "काही करत नाहीत" म्हणणारा हाच माणूस. असो.

सहा फुटात मी ज्यावर आले ते असं: सिक्लिडच्या एका जातीचा एकच मासा. जोडी होऊ शकेल असं काहीच नाही. दिसायला सारखे दोन नाहीत, म्हणजे जॅक डेम्प्सी आणि टेक्सास सिक्लिड दोघं ठिपक्याठिपक्यांचे, ते एकमेकांना जास्त खपवून घेत नाहीत असा माझा अनुभव. ऑस्कर, सेव्हरम आणि एक जॅक डेम्प्सी एवढे मोठे मासे बास, बरोबर पाच-सहा सिल्व्हर डॉलर (चपटे चंदेरी मासे, सिक्लिड नव्हेत), ते मधल्या-वरच्या थरात झुंडीने फिरतात आणि खालच्यांचं एकमेकांवरचं लक्ष थोडं विखुरतं. (खरी झाडं असतील तर सिल्व्हर डॉलर आणू नका, दांड्यासुद्धा ठेवत नाहीत.) लिटरपेक्षा तळ बघा. उंच टँकचा भांडणात काही उपयोग नाही, आणि दीड फूट रुंदीत पूर्ण वाढलेला ऑस्कर नीट वळत पण नाही, रुंदी दोन फूट हवीच. सगळ्यात तापट मासा सगळ्यात शेवटी सोडा, तोही इतरांपेक्षा लहान असताना, आणि सोडायच्या आधी दगड-लाकडं सगळी हलवा म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात.

मलावीचे मासे (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड) यात घालू का असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय, त्यांचं गणित पूर्ण वेगळं, पाणी कठीण आणि पीएच आठच्या आसपास लागतं, त्यातले म्बुना (खडकांत राहणारे) बरेचसे शेवाळ खाणारे, आणि तिथे उलट गर्दी ठेवून राग वाटून टाकतात. या टँकमध्ये नकोच.

जाता जाता, ऑस्करला खावंसं वाटावं म्हणून जिवंत गोल्डफिश देऊ नका. रोग येतात, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व मोडतं. न खाता आठवडा काढणं मोठ्या ऑस्करला जड नाही.

मी काही माशांची डॉक्टर नाही, डोळ्यावर पांढरं किंवा डोक्यावर खड्डे दिसले तर जाणकाराला दाखवा. पण कॉन्व्हिक्टसाठी दुसरा तयार टँक नसेल तर आज रात्री लाइट बंद करून मधे जाळीचं पार्टिशन टाका, कॉन्व्हिक्ट एका टोकाला, त्यांना दीड फूट पुष्कळ झालं. जाळी वाळूत खाली काचेपर्यंत रोवा आणि वर झाकणापर्यंत न्या, बाजूला बोटभर फट राहिली तरी त्यातून मादी येते, माझ्याकडे आली होती. आणि दोघांच्या पोटाचा बाजूने काढलेला फोटो टाका, नर-मादी आहेत का ते लगेच सांगते.