वाचकांचे प्रश्न : दाढीचा फेस

प्रश्न : भारी साबण आणला. वाटी भरून फेस येतो, पण गालावर लावला की मिनिटभरात विरतो आणि ब्लेड ओढल्यासारखं होतं. साबणच वाईट आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. वाटी भरणं हीच खरी अडचण आहे. साबण कमी, पाणी जास्त आणि त्यात घुसळलेली हवा, असा तो फेस असतो. मोठ्या बुडबुड्यांच्या भिंती पातळ. त्या फुटल्या की त्वचेवर निसरडं काही उरत नाही.

ब्रश कोमट पाण्यात बुडवून दोन-तीनदा झटका. ठिबकणं थांबलं की तो कडक वडीवर हलक्या हाताने गोल फिरवा, किमान ३० सेकंद. सुरुवातीला येणारे पांढरे बुडबुडे म्हणजे साबण चढला असं समजू नका. केसांच्या टोकांत दाट, चिकट लगदा दिसायला हवा. मग वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर घोळवायला घ्या आणि पाणी थेंबांनी वाढवा : एका वेळी आठ-दहा थेंब, ते जिरेपर्यंत दहा-पंधरा सेकंद ब्रश फिरवायचा, मग पुढचे थेंब. आधी फेस निस्तेज आणि चिकट असतो, पाणी पुरेसं झालं की त्याला तकाकी येते. घट्ट फेटलेल्या दह्यासारखा दिसला आणि ब्रश उचलल्यावर वर आलेलं टोक किंचित वाकलं की थांबा. शंका असेल तर थोडा फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहा. बोटं घसरली पाहिजेत. चिकटली तर आणखी थेंब हवेत.

पाणी जास्त झालंच, तर नुसतं घुसळत बसून उपयोग नाही. ब्रश पुन्हा वडीवर न्या.

प्रश्न : क्रीमलाही एवढा खटाटोप लागतो का?

उत्तर : नाही. क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियमचा साबण आणि बरंच पाणी असतं, त्यामुळे ते लगेच विरघळतं. कडक वडीत सोडियमच्या साबणाचा वाटा जास्त असतो, म्हणून तिच्यावर ब्रश जास्त वेळ फिरवावा लागतो. अंगठ्याच्या नखाएवढं क्रीम, म्हणजे साधारण एक ग्रॅम, एका दाढीला पुरतं. ब्रश मात्र साबणाच्या वेळेपेक्षा जास्त कोरडा करून सुरुवात करा.

प्रश्न : प्रवासात तोच साबण, तोच ब्रश, पण फेस उत्तम. घरी मात्र पाणचट, आणि वाटीला पांढरट थर. असं का?

उत्तर : घरचं पाणी जड असावं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांना धरून न विरघळणारा साका तयार करतं. वाटीचा थर तोच. फेस करायला लागणारा साबण आधी तिथेच खर्ची पडतो. खात्री करायची असेल तर एकदा डिस्टिल्ड पाणी वापरून पाहा : ब्रशही त्यातच भिजवायचा, थेंबही त्याचेच. अर्धा कप पुरतो. फरक पडला तर कारण कळलं.

रोजचा सोपा उपाय म्हणजे ब्रश वडीवर दहा-पंधरा सेकंद जास्त फिरवणं. पाणी उकळून, थंड करून वरचं निवळ घेतल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा कमी होतो. सल्फेट आणि क्लोराइडचा तसाच राहतो. काही क्रीममध्ये हे क्षार बांधून ठेवणारं ईडीटीए असतं, वेष्टनावर शोधा. पाण्यात लिंबू पिळा, हा सल्ला मात्र कोणी दिला तर सोडून द्या. आम्ल जास्त झालं की साबण फुटतो आणि फेस बसतो.

प्रश्न : नवा बोअर ब्रश फेस गिळतो. बदलावा का?

उत्तर : थांबा. डुकराचे हे राठ केस पाणी शोषतात, म्हणून वापरण्याआधी दोन-तीन मिनिटं भिजत ठेवावे लागतात. वापराने टोकं चिरत जातात, ब्रश मऊ होतो आणि फेस सोडायला लागतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश केसांच्या मध्ये भरपूर पाणी धरतो, तो जास्त झटका. सिंथेटिकला भिजवायची गरज नाही, पण तो दाबला की पाणी एकदम सोडतो. उकळतं पाणी कोणत्याच ब्रशला चालत नाही : बुडाचा गोंद सैल पडतो, नैसर्गिक केस ठिसूळ होतात. आणि ब्रश दाबून पसरवू नका, केस मुळाशी तुटतात.

प्रश्न : दुसऱ्या गालाकडे येईपर्यंत फेस वाळतो.

उत्तर : पाणी कमी पडतंय, किंवा ते फार गरम आहे, किंवा पंखा चालू आहे. ब्रशची टोकं भिजवून त्या गालावर पुन्हा फिरवा. दाढीचे केस मुख्यतः पाण्याने मऊ होतात, त्यामुळे फेस लावण्याआधी दोन-तीन मिनिटं चेहरा ओला ठेवणं कोणत्याही क्रीमइतकंच कामाचं.

प्रश्न : महागड्या साबणात वेगळं काय असतं?

उत्तर : मुख्यतः सुगंध, आणि शिआ बटर किंवा लॅनोलिनसारख्या घटकांमुळे दाढीनंतर त्वचा कोरडी न पडणं. नुसत्या फेसासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. साधी, स्टिअरिक आम्ल भरपूर असलेली कांडीही दाट फेस देते. तीनदा रूळांतून काढलेल्या, म्हणजे ट्रिपल मिल्ड, वड्या कोरड्या आणि घट्ट असतात. त्या खूप दिवस चालतात, पण लगेच सुटत नाहीत. वडीवर चमचाभर पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग ब्रश लावा. दाढी झाल्यावर डबीचं झाकण वडी सुकेपर्यंत उघडं ठेवा.