इन्सुलिन वेळेवर, ताट मात्र उशिरा

प्रश्न : मला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली असून सहा महिन्यांपासून जेवणापूर्वी इन्सुलिन घ्यावे लागते. सगळ्यांना वाढता वाढता माझे जेवण मागे पडते आणि हात थरथरू लागतात. दोनदा साखर ६० च्या खाली गेली. सासूबाई म्हणतात, पाहुण्यांसमोर इन्सुलिनचे नाव काढू नकोस, लोकांना वाटेल शेवटची पायरी आली. डॉक्टर मात्र ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून रागावतात. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपल्या पत्रात पथ्याची हयगय कुठे दिसत नाही, दिसते ती वेळेची ओढाताण. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन साधारण १५ मिनिटांत काम सुरू करते आणि तास-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. तेवढ्यात पोटात अन्न गेले नाही, तर साखर घसरणारच. म्हणून इन्सुलिन टोचल्यावर आधी आपले ताट आणि मग वाढप, हा क्रम औषधाचाच भाग समजावा. साखर ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. डोस मनाने कमी करू नये. टोचल्याची आणि पहिल्या घासाची वेळ आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावी. रुग्णाला दोष देणारे शब्द टाळावेत, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१७ मध्येच सुचवले आहे. वही समोर असली की रागावण्याला फारशी जागाही उरत नाही.

सासूबाईंची भीती खोटी नाही, समजूत मात्र चुकीची आहे. टाइप १ मधुमेहाच्या लहान मुलांना इन्सुलिन पहिल्या दिवसापासून लागते, मग ती शेवटची पायरी कशी? टाइप २ मध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता वर्षांगणिक कमी होत जाते, त्यामुळे बाहेरून भर घालावी लागते. त्यात आपला हलगर्जीपणा शोधण्याचे कारण नाही.

लपवण्याची किंमत मात्र मोठी असते. आडोसा मिळेपर्यंत डोस लांबतो किंवा राहूनच जातो, आणि उद्या आपण स्वयंपाकघरात कोसळलात तर काय झाले हे कोणालाच कळणार नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, तातडीने डॉक्टरांना बोलवावे, हेही घरात कोणाला ठाऊक नसेल. सगळ्या पाहुण्यांना सांगण्याची गरज नाही. पण घरातील दोघांना आजच सांगावे आणि ग्लुकोजचा डबा कुठे ठेवला आहे, तेही दाखवून ठेवावे.