दम्याचा पंप उन्हाळ्यात बंद करावा का?

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून त्याला पाचव्या वर्षापासून दमा आहे. मृग लागला की त्याचा खोकला सुरू होतो, भाद्रपदात कमी होतो आणि दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की पुन्हा छाती वाजू लागते. उन्हाळ्यात मात्र तो दिवसभर क्रिकेट खेळतो. पंपाची सवय लागेल, असे सासूबाईंचे म्हणणे असल्याने होळी झाली की आम्ही रोजचा पंप बंद करतो. गेल्या जुलैत रात्री दोन वाजता त्याला नेब्युलायझरसाठी दवाखान्यात न्यावे लागले. यंदा पंप केव्हापासून सुरू करावा? कोजागिरीला खिरीतून देतात ते औषध द्यावे का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य होळीनंतर पंप बंद करण्याविषयीचे आहे. जुलैतल्या त्या रात्रीची सुरुवात तिथेच झाली असावी, असे मला वाटते.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. उन्हाळ्यात ती कमी होते, पण बहुतेकदा पूर्ण जात नाही. मूल धावते-खेळते म्हणून ती आपल्या लक्षात येत नाही, एवढेच. रोजच्या पंपातले स्टेरॉइड ही सूज उतरवते, परंतु त्याचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या पावसात छाती वाजू लागल्यावर पंप शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून ‘केव्हापासून सुरू करावा’ या प्रश्नाला माझे उत्तर असे, की तो बंदच करू नये. आणि आज बंद असेल, तर मृगाची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. दमा निदान तीन महिने चांगला आटोक्यात राहिला, तर डॉक्टर औषधाची मात्रा पायरीपायरीने कमी करू शकतात, पण तोंडावर पावसाळा असताना ते करू नये.

सासूबाईंची भीती मी रोज ऐकतो आणि ती मायेपोटी असते, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगा, की पंपाने व्यसन लागत नाही आणि त्यातले औषध थेट श्वासनलिकेत जात असल्यामुळे फार थोडे पुरते. आराम देणाऱ्या निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ते ४० पट असते. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने काही मुलांची अंतिम उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी राहू शकते, हे मी लपवणार नाही. पण वारंवार झटका आला, की पोटातून स्टेरॉइड द्यावे लागते आणि त्याचा भार कितीतरी अधिक असतो. केवळ निळ्या पंपावर दमा निभावणे तर धोक्याचेच आहे. १२ वर्षांवरील कोणाचाही दमा एकट्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असे ‘जिना’ ही दम्याविषयी मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था २०१९ पासून सांगत आली आहे.

आता आपल्या भागातल्या ऋतूंकडे येतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, वर्गावर्गांत सर्दी पसरते, आणि मुलांचा दमा उसळण्याचे सर्वांत मोठे कारण सर्दीचे विषाणूच असतात. त्याच दिवसांत घरात दोरीवर ओले कपडे वाळत असतात, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते आणि दमट हवेत गाद्यांमधले धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. मेच्या कडक उन्हात गोधड्या, गाद्या चांगल्या वाळवून घ्याव्यात, पावसाळ्यात चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावेत आणि मुलाच्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत. वळवाच्या आधी वावटळ सुटली, की त्याला घरात बोलवावे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये वादळी पावसाच्या वेळी गवताचे परागकण फुटून त्यांचे सूक्ष्म तुकडे हवेत पसरले; हजारो लोकांना एकाच संध्याकाळी श्वासाचा त्रास झाला आणि दहाजण दगावले.

ऊसतोडीचा त्रास मात्र निराळा आहे. फडातले पाचट पेटवले जाते आणि हिवाळ्यात रात्री गार हवेचा थर जमिनीलगत बसून राहत असल्याने धूर वर निघून जात नाही. त्या दिवसांत मुलाने पहाटे आणि तिन्हीसांजेला मैदानावर न जाता दुपारी खेळावे. शेत आपले असेल, तर पाचट न जाळता त्याची कुट्टी सरीत ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याने जमीन सुधारते आणि शेजारच्या मुलांचाही श्वास मोकळा राहतो.

पंप घेण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवायला मुलाला जरूर सांगा. माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलांच्या ओठांच्या कोपऱ्यातून औषधाचा पांढरा धूर बाहेर पडताना मी पाहतो. ते औषध छातीत पोहोचलेलेच नसते. पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर ही पोकळ नळी लावून, हळू आणि खोल श्वास घेऊन, दहा आकडे मोजेपर्यंत तो रोखावा आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकावे. कॅप्सूलचा पंप असेल, तर कॅप्सूल बाटलीतच घट्ट झाकून ठेवाव्यात, कारण पावसाळी हवेत त्या मऊ पडतात आणि पावडरीच्या गुठळ्या होतात.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येईना, गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जाऊ लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर निळ्या पंपाचे चार फवारे एकेक करून स्पेसरमधून द्यावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे. वाटेत गरज पडल्यास ते पुन्हा द्यावेत.

कोजागिरीच्या औषधाने दमा बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही. ऋतू पालटला, की दमा आपोआपही कमी-जास्त होतो आणि त्याचे श्रेय नेमके त्या रात्रीच्या औषधाला मिळते. घरची खीर आनंदाने खाऊ द्या, पण त्यात काय मिसळले आहे हे माहीत नसलेले औषध देऊ नका आणि त्यासाठी पंप तर मुळीच थांबवू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांचा (वय ६८) जुना दमा अनेक वर्षे शांत होता. यंदा थंडी सुरू होताच तो एकदम वाढला. त्याच सुमारास काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब सुरू झाले आहेत. हा हवेचाच परिणाम असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थंडीला दोष देण्याआधी थेंबांच्या बाटलीवरचे नाव वाचा. त्यात टिमोलॉल असेल, तर तेच कारण असू शकते. डोळ्यांतून ते रक्तात मिसळते आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात. थेंब स्वतःहून बंद करू नयेत, कारण काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. बाटली घेऊन आजच नेत्रतज्ज्ञांना भेटा आणि वडिलांना दमा आहे, हे स्पष्ट सांगा; दुसऱ्या प्रकारचे थेंब उपलब्ध आहेत.