पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत सिव्हिल इंजिनिअरने जावं का?

तुम्ही विचारलंय की सिव्हिलची पदवी आहे, पुण्यातली नोकरी सोडून मराठवाड्यात जलसंधारण करणाऱ्या संस्थेत यावंसं वाटतं, तर शिक्षण तिथे कामी येईल का. मी बीड जिल्ह्यात असंच काम करतो, म्हणून लिहितोय.

येईल, पण थोडंच. कामाचा क्रम असा: माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर; खाली बांधबंदिस्ती, मग नाल्यात दगडी आणि मातीचे बांध, शेवटी सिमेंट बंधारा. माथा ते पायथा, हा क्रम सोडायचा नाही. वरची माती अडली नाही तर खालचा बंधारा गाळाने भरतो. हायड्रोमार्कर या पातळी मोजायच्या साधनाने समपातळी काढून चराची रेघ फक्कीने आखायला तुम्ही चटकन शिकाल. एक हेक्टरवर १० मिमी पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होतं. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते मुरमात आणि भेगांत, तेवढंच. म्हणून अडवण्याइतकंच ते कोण किती उपसणार, हे ठरवणं महत्त्वाचं.

आणि इथेच खरं काम सुरू होतं. चर खणायचे ते माथ्यावर. तिथली जमीन हलकी, मुरमाड, आणि ती ज्यांची आहे त्यांच्याकडे बहुधा विहीर नाही. पाणी उतरतं पायथ्याच्या काळ्या रानात. चराईबंदी केली की शेळ्या वरच्या वस्तीच्या थांबतात, विहीर खालच्या बागायतदाराची भरते. आमच्याकडे हीच वरची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. डिसेंबरात ग्रामसभा घ्या, चराईबंदीचा ठराव एकमताने होतो, कारण ज्यांनी हरकत घ्यायची ते कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतात. असा ठराव टिकत नाही, टिकूही नये.

एका गावात तोडकरी परतल्यावर बैठक घेतली. एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गवत कापून आणा म्हन्ता. कापायला जायचं तर रोज बुडंल, त्याचं कोन देनार?" तासभर त्याच प्रश्नावर बोलणं झालं. शेवटी ठरलं की अर्धा डोंगर बंद, अर्धा खुला, पुढे अदलाबदल. बंद भागात मारवेल आणि पवना हे चाऱ्याचं गवत लावायचं आणि कापणीचा पहिला हक्क शेळ्यावाल्यांचा. चरांची मजुरीही आधी त्यांनाच. मला विचाराल तर त्या गावातलं सगळ्यात मोलाचं बांधकाम हे होतं.

जालना तालुक्यातलं कडवंची गाव जरूर पाहा. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ या संस्थेने विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. लोक द्राक्षबागा आणि शेततळी बघून परततात; तुम्ही आधी वरचा भाग चढून बघा. शेततळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वाहून जाणारं पाणी धरलं तर ते संधारण; बोअर उपसून प्लास्टिकच्या तळ्यात साठवलं तर गावाचं पाणी एकाच्या ताब्यात गेलं. २००९ च्या भूजल कायद्यात खोल विहिरींवर बंधनं आहेत, पण रात्री बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा तिला अडवायला गावानेच उभं राहावं लागतं.

पगाराचं म्हणाल तर तो प्रकल्पावर असतो. एक संपून दुसरा मंजूर होईपर्यंत ओढाताण होते. घराचे हप्ते चालू असतील तर आधी घरात नीट बोला.

यायचंच असेल तर गुढीपाडव्यानंतर, तोडकरी परतले की या. गाव भरलेलं असतं आणि कामंही चालू असतात. रुजू होण्याआधी संस्थेला एकच मागणी करा: ज्या गावातला तुमचा प्रकल्प संपून पाच वर्षं झाली, ते गाव दाखवा. तिथे संस्थेच्या माणसाशिवाय फिरा. विहिरींची पातळी अजून कोण मोजतं, रब्बीच्या आधी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आहे आणि किती वापरायचं याचा हिशेब, चावडीवर मांडला जातो का, हे वरच्या वस्तीत जाऊन विचारा.