पक्षी घरी आणण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या 10 वर्षांच्या मुलीला बोलणारा पोपट हवाय. आम्ही नवरा-बायको दिवसाचे 9 तास घराबाहेर असतो. कोणता पक्षी आणावा?

आधी वयाचा हिशेब मांडा. बजरी म्हणजे छोटा पोपट, नीट सांभाळली तर 5 ते 10 वर्षं जगते. कॉकटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला पोपट, 15 ते 20 वर्षं. आफ्रिकन ग्रेसारखा मोठा पोपट 40 वर्षांच्या पुढेही जाऊ शकतो. मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडेल तेव्हा पक्षी तुमच्याच गळ्यात असेल, तेव्हा तो तुम्हाला हवाय का, हे आधी ठरवा.

दुसरी अडचण त्या 9 तासांची. हे थव्यात राहणारे पक्षी. मोठा पोपट रोज एकटा पडला की किंचाळतो, पुढे स्वतःची पिसं उपटू लागतो आणि ती सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही. तुमच्या घराला बजऱ्यांची जोडी जास्त मानवेल. मात्र एकमेकांची सोबत असली की बजऱ्या माणसाची नक्कल कमी करतात. एकटा नर बोलायला लवकर शिकतो, पण त्याच्यासाठी दिवसभर कुणीतरी घरात हवं. दोन्ही गोष्टी एकदम मिळणार नाहीत.

अंडी-पिल्लांची भानगड नको असेल तर दोन नर घ्या. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती मेणासारखा भाग असतो. प्रौढ नरात तो निळा, मादीत तपकिरी किंवा फिकट पांढरट. संपूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या बजऱ्यांत मात्र ही खूण चालत नाही, कारण त्यांच्या नरांत हा भाग गुलाबी-जांभळाच राहतो.

प्रश्न : उंच, गोल पिंजरा भेट मिळालाय. रुंदी 40 सेंमी, उंची 70. दोन बजऱ्यांना पुरेल ना?

नाही. पक्षी काही लिफ्टसारखा वर-खाली जात नाही, तो आडवा उडतो. जोडीसाठी निदान 80 सेंमी लांब, 45 रुंद आणि 45 उंच असा चौकोनी पिंजरा घ्या. गजांमधली फट 12 मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. डोळ्यांनी अंदाज बांधू नका, पट्टी लावून मोजा. काही गज आडवे असले तर चढायला बरं.

जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा. बजरी दिवसभर गज कुरतडते आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे माळ्यावरचा पिंजराही नको.

पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. सगळ्या एकाच जाडीच्या असल्यामुळे तळव्याच्या ठरावीक जागीच भार येतो आणि तिथे फोड होतात. त्याऐवजी कीटकनाशक न मारलेल्या, बिनविषारी झाडाच्या 1 ते 2 सेंमी जाडीच्या वेड्यावाकड्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. दांडीवर चढवायचे सँडपेपरचे खोळ विकत मिळतात. त्यांनी नखं फारशी झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात. पाण्याच्या भांड्यावर दांडी येऊ देऊ नका, शीट नेमकी त्यातच पडते.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच आहे. शिवाय मला दमा आहे.

नॉनस्टिक भांडी असतील तर ती आधी घराबाहेर काढा. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटं विसरला, तरी पीटीएफईच्या, म्हणजे नॉनस्टिक लेपाच्या, थराचं तापमान 260 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. त्यातून सुटणारा वायू माणसाला जाणवणारही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत दगावतो. त्याच्या फुप्फुसांतून हवा सतत एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो आणि विषही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. हाच थर काही इस्त्र्यांना आणि हीटरनाही असतो. सिगारेट, सुगंधी फवारे यांच्यापासूनही पक्षी लांबच हवा.

दमा असेल तर कॉकटील नको. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. बजरीची कमी, पण झडतेच. आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : नुसत्या बियांवर पक्षी राहतो का?

राहतो, पण आजारी पडतो. बियांत चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार केलेल्या संतुलित खाद्याच्या गोळ्या) आणि हिरव्या पालेभाज्यांची सवय काही आठवड्यांत हळूहळू लावा. तेवढे दिवस रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. 35 ग्रॅमची बजरी 32 च्या खाली गेली तर बदल थांबवून पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. ॲव्होकाडो, चॉकलेट आणि कांदा अजिबात नको.

आणि वाटी भरलेली दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. बजरी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकते. वर फुंकर मारून बघा, सगळी टरफलंच उडाली तर पक्षी उपाशी आहे.

प्रश्न : घरी एक बजरी आहे. दुसरी घेताना काय बघू?

पिसं फुगवून दोन्ही पायांवर झोपाळलेली, श्वासाबरोबर शेपटी हलणारी किंवा शेपटीखाली शिटेने बरबटलेली बजरी घेऊ नका. पक्षी आजार लपवतो, उघड दिसू लागतो तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणूनच नवी बजरी किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि तिचं दाणापाणी जुनीनंतर करा. पिंजऱ्यात साधा पांढरा कागद अंथरा. शिटेत घट्ट हिरवट भाग, पांढरा भाग आणि थोडं स्वच्छ पाणी असं तिन्ही दिसलं पाहिजे. या काळात घरात कुणाला ताप, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना पक्षी आणल्याचं आवर्जून सांगा. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत, फक्त डॉक्टरांना शंका यायला हवी.